दोन आडव्या रेघा: टायर प्रेशर सेन्सर बदलण्याच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिवेआगरहून माणगाव, ताम्हिणी, मुळशी असं मोटरसायकलवर पुण्याला परत आलो. वाटेत मागच्या टायरच्या हवेचा आकडा एकदाही दिसला नाही. पुढचा ३६ पॉइंट (पीएसआय) व्यवस्थित, मागच्याच्या जागी दोन आडव्या रेघा. दसऱ्याच्या सुमारास सेन्सरची बॅटरी कमजोर असल्याची सूचना पडद्यावर यायला लागली होती. तेव्हापासून आकडा कधी यायचा, कधी जायचा. आज तो गेलाच.

गाडी २०१९ सालची, जर्मन बनावटीची. दोन आडवे सिलिंडर, मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट. सेन्सर कारखान्यातून आले तेच आहेत. अशा सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते. ही सहा वर्षं चालली, तिच्याबद्दल तक्रार नाही.

रेघा दिसल्या म्हणजे लगेच बिघाड, असं नसतं. गाडी उभी असताना सेन्सर झोपलेला असतो. चाक फिरून वेगानं ताशी तीस किलोमीटरचा टप्पा ओलांडला की तो जागा होतो आणि बोलायला लागतो. गाडी थांबल्यावर पंधराएक मिनिटं बोलत राहतो आणि पुन्हा झोपतो. म्हणून सकाळी गाडी काढल्या काढल्या दोन्हीकडे रेघाच दिसणार. नव्यानं गाडी घेतलेले बरेच जण इथेच घाबरतात. माणगावपासून मुळशीपर्यंत घाट उतरून-चढूनही रेघा राहिल्या, तर मात्र समजायचं.

बायको म्हणाली, "हवा आपण दर रविवारी तपासतोच ना, मग एवढं काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर तिलाही माहीत आहे, कारण त्या दिवशी तीच मागे बसली होती. मागच्या वर्षी कोल्हापूरला जाताना उंब्रजच्या पुढे मागचा आकडा ४२ वरून ४० झाला, थोड्या वेळानं ३८. गाडीत काहीच जाणवत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या पेट्या भरलेल्या, वेग शंभरच्या आसपास. डावीकडे घेऊन थांबलो तर टायरच्या मधोमध स्क्रू रुतलेला. हवा हळूहळू जात होती. सेन्सर नसता तर गाडी डोलायला लागेपर्यंत कळलं नसतं, आणि दोन माणसं व सामान घेऊन डोलणारी गाडी सावरणं फार अवघड. रविवारी सकाळी घेतलेलं माप रविवारी सकाळचंच असतं. रस्त्यावर काय चाललंय ते रस्त्यावरच कळायला हवं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दोष सेन्सरचा की गाडीतल्या रिसीव्हरचा, हे आधी ठरवायला हवं. पुढचा आकडा नीट येतो, म्हणजे रिसीव्हर ऐकतो आहे. तरी खात्री करून घेतली. चारचाकीच्या कामाचं गॅरेज असलेल्या एका मित्राकडे सेन्सर जागं करणारं हातातलं यंत्र आहे. ते वॉल्वजवळ धरून बटण दाबलं की १२५ किलोहर्ट्झचा इशारा देतं आणि सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देतो: ओळख क्रमांक, दाब, तापमान, काही सेन्सर बॅटरीची स्थितीसुद्धा. पुढच्यानं उत्तर दिलं. मागचा गप्प. यंत्र वॉल्वच्या दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं, तरी गप्प.

अर्थ स्पष्ट आहे. पण पुढचा बोलतोय म्हणून तो ठेवायचा का? मी दोन्ही बदलणार. दोघांच्या बॅटऱ्या एकाच वयाच्या आहेत. पुढचा आणखी वर्षभर चालेलही, पण तो संपला की चाक काढा, टायर उतरवा, बसवा, बॅलन्सिंग करा, सगळं पुन्हा. माझे टायरही उतरणीला लागलेत, मागच्याच्या मधल्या पट्ट्यात खाचा उथळ झाल्यात. दोन्ही टायर आणि दोन्ही सेन्सर एका दिवसात उरकायचे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर दोघांनी एकच सल्ला दिला: सेन्सर कापून उघड, आतली बॅटरी डाग देऊन बदल, वरून राळ ओत. असं करणारे लोक आहेत आणि काहींचे सेन्सर नंतर चाललेही आहेत. मी करणार नाही. कारण नीट लिहितो, म्हणजे कोणाला हट्ट वाटणार नाही.

सेन्सरच्या डबीत दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारा भाग, चाक फिरतंय का हे ओळखणारा भाग, छोटा ट्रान्समीटर आणि लिथियमची चपटी बॅटरी असते. हे सगळं राळेत घट्ट बुडवलेलं असतं, आणि ते उगाच नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाला माझ्या गाडीचं चाक सेकंदाला जवळपास चौदा फेऱ्या घेतं. रिमच्या आत बसलेल्या सेन्सरवर तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीडशे पट ओढ असते. गणित अवघड नाही: टायरची त्रिज्या अंदाजे ३२ सेंटिमीटर, सेन्सर मध्यापासून अंदाजे २० सेंटिमीटरवर. म्हणजे तीस ग्रॅमची वस्तू त्या क्षणी साडेचार किलोच्या जोरानं बाहेर ओढली जाते. त्यावर आपल्या रस्त्यांचे खड्डे, उन्हाळ्यात तापलेलं डांबर आणि शेजारच्या ब्रेक डिस्कची धग. घरी लावलेला डाग आणि घरी ओतलेली राळ हे सगळं किती दिवस सोसेल? सुटलेला तुकडा टायरच्या आत भिरभिरत राहणार. साध्या बाजारू बॅटरीला ही उष्णताही मानवत नाही, सेन्सरमध्ये जास्त तापमान सोसणाऱ्या बॅटऱ्या घातलेल्या असतात. टेबलावरच्या रिमोटचं काम असतं तर मीही डाग दिला असता.

वॉल्वच्या टोपणाच्या जागी बसणारे बाहेरचे सेन्सर हा दुसरा पर्याय. बॅटरी सहज बदलता येते, चाक काढावं लागत नाही. ज्यांच्या गाडीत कारखान्यातून काहीच नसतं त्यांना मी ते सांगतोही, पण रबरी वॉल्व आधी धातूचा करून घ्या, या अटीवर. रबरी वॉल्वच्या टोकाला वजन आलं की वेगात तो वाकतो आणि मुळाशी चिरतो. दुसरं, बाहेरचा सेन्सर वॉल्वची पिन दाबून बसतो. त्याच्या आतलं रबर सुकलं तर हवा राखणाराच हवा घालवतो. माझ्या गाडीत आत जागा आहे, रिसीव्हर आहे, पडदा आहे. मी आतलेच घेणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

भाचा टेक्सासमध्ये असतो, डिसेंबरात येतोय. फोनवर म्हणाला, "मामा, इथे ऑनलाइन अर्ध्या किमतीत दिसतायत, आणू का?" त्याला फोटो पाठवायला सांगितला. तिथे ३१५ मेगाहर्ट्झवर चालणारे सेन्सर सर्रास मिळतात, आपल्याकडच्या गाड्यांचे रिसीव्हर ४३३ वर ऐकतात. त्यानं पाठवलेल्या फोटोवर ३१५ स्पष्ट छापलं होतं. शिवाय ते चारचाकीचे. चारचाकीचा वॉल्व आणि मोटरसायकलच्या अरुंद रिमचा कोन जुळत नाही, आणि बोलण्याची भाषाही वेगळी असते. त्याला सांगितलं, तू फक्त ये.

इथेच मूळ कंपनीच्या भागाचा क्रमांक देऊन दोन सेन्सर मागवले. दोन्ही मिळून रक्कम एका चांगल्या टायरच्या घरात गेली. काउंटरवरचा मुलगा मनापासून म्हणाला, "सर, नाही बसवलं तरी चालतं. पासिंगला कोणी विचारत नाही." त्याचं खरं आहे. अमेरिकेत २००० सालच्या टायर-सुरक्षेच्या 'ट्रेड' (TREAD) कायद्यानंतर सप्टेंबर २००७ पासून आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या चारचाकींना ही यंत्रणा सक्तीची झाली. आपल्याकडे २०२० साली मोटार वाहन नियम बदलले, तेव्हा ही यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असलेल्या छोट्या चारचाकींना स्टेपनी ठेवण्यातून सूट मिळाली. ते सगळे नियम चार चाकांचे. चारचाकीचा एक टायर बसला तर तीन उरतात. दुचाकीवर तर ही यंत्रणा जास्त गरजेची, हे मला कायद्यानं सांगायची वाट बघायची नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सेन्सर येईपर्यंत हवेचा गेज तपासून घेतला. आमच्या सोसायटीतले एक काका आयुष्यभर उपकरणांच्या कॅलिब्रेशनमध्ये होते. त्यांनीच भोसरीतल्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. चाकण, भोसरी, पिंपरीचा पट्टा जवळ असण्याचा हा फायदा, मायक्रोमीटरपासून प्रेशर गेजपर्यंत काहीही तपासून मिळतं. माझा गेज ३६ पॉइंटच्या आसपास अर्धा पॉइंट कमी दाखवतो, ४२ ला जवळपास तेवढाच. चांगला आहे. गेजच्या मागे पट्टी चिकटवून तसं लिहिलं.

येताना एका पेट्रोल पंपावर थांबून तिथल्या मीटरशी ताडून पाहिलं. तीन पॉइंटचा फरक. हवा भरणाऱ्या पोराचा दोष नाही. दिवसभर नळी जमिनीवर आपटते, मीटर कोण तपासतो? पण आपण वर्षानुवर्षं "पुढे पस्तीस, मागे चाळीस" सांगून निर्धास्त निघतो ते अशा मीटरवर. तीन पॉइंट कमी हवेवर मागे माणूस बसवून गाडी चालवली तर मागचा टायर कडेनं लवकर झिजतो, जास्त तापतो आणि वळणावर गाडी जड वाटते. स्वतःचा गेज सगळ्यांनी घ्यावा, सेन्सर असो वा नसो.

काकांनी चहाबरोबर एक गोष्ट डोक्यात घातली, ती ३० तारखेच्या नोंदीत लिहीन. आधी वाटलं होतं की गेज आणि पडद्याचे आकडे जुळत नाहीत तेव्हा सेन्सरच चुकतो. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं की कोणीच चुकत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सेन्सर आले. पिशवी फोडायच्या आधी लेबलाचे आणि सेन्सरच्या अंगावर छापलेल्या ओळख क्रमांकांचे फोटो काढले, आणि कोणता पुढे, कोणता मागे तेही वहीत लिहिलं. एकदा टायरच्या आत गेल्यावर हा क्रमांक वाचता येत नाही.

टायरही ठरले. पुढे १२०/७० आर १९, मागे १७०/६० आर १७.

२३ नोव्हेंबर, रविवार

आजचा मोठा दिवस. चाकं मी घरी पार्किंगमध्ये काढणार आणि टायर बदलायला धायरीच्या दुकानात नेणार, असं ठरलं होतं. गाडीच दुकानात नेली असती तरी चाललं असतं. पण चाक काढताना ब्रेक पॅड, डिस्क, बेअरिंग, एबीएसचं कडं, सगळं हाताखालून जातं. हे काम मला दुसऱ्यावर सोडवत नाही.

मागचं चाक सोपं. एकाच बाजूच्या दांडीवर बसलेलं आहे, पाच बोल्ट काढले की चाक हातात. गाडी मधल्या स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये. पुढचं वेळखाऊ. आधी दोन्ही कॅलिपर सोडवून दोरीनं बांधले, ब्रेकच्या नळीवर लोंबू दिले नाहीत. पॅडमध्ये लाकडाची पाचर घातली, म्हणजे चुकून कोणी ब्रेक दाबला तरी पिस्टन बाहेर येणार नाहीत. रविवारी खाली मुलं खेळत असतात आणि उघड्या गाडीचा ब्रेक दाबण्याचा मोह कुणालाही होतो. मग इंजिनखाली जॅक, क्लॅम्पचे स्क्रू सैल, अ‍ॅक्सल बाहेर.

बेअरिंग बोटानं फिरवून पाहिली. दोन्ही चाकांची गुळगुळीत. कॅलिपरच्या पिस्टनवरची घाण ब्रशनं साफ केली.

टायरच्या दुकानातले काका जुने. त्यांना सुरुवातीलाच म्हटलं, "काका, वॉल्वपाशी टायर उचकटायची पट्टी खोल घालू नका, आत सेन्सर आहे."

"माहितीये हो. चारचाकीवाले सेन्सर तोडून घेतात दुसरीकडे आणि मग इथे येतात," असं म्हणत त्यांनी खडूनं वॉल्वच्या दोन्ही बाजूंना टायरवर रेघा मारल्या. हे मला फार आवडलं. त्यांचा हाताखालचा मुलगा नवा होता. त्याला सांगावं लागलंच नाही, रेघाच सांगत होत्या.

टायर उतरवताना बरेच सेन्सर तुटतात, म्हणून पद्धत सविस्तर लिहितो. बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) दाबायचं यंत्र वॉल्वच्या बरोबर समोरच्या बाजूला लावायचं, वॉल्वच्या जवळ नाही. यंत्राची जीभ आत सरकते ती सेन्सरच्या डबीवर बसली की प्लॅस्टिक तडकतं. दोन्ही बाजूंचं बीड सुटलं की पट्टी जेमतेम बीडची कड पकडेल एवढीच आत घालायची. नवा टायर चढवताना वॉल्वच्या समोरून सुरुवात करून वॉल्वपाशी संपवायचं. शेवटचा टप्पा अवघड असतो आणि तेव्हा समोरच्या बाजूचं बीड रिमच्या खोलगट भागात उतरलेलं असावं लागतं. ते उतरलं असेल तर वॉल्वपाशी जोर लावावा लागत नाही. साबणाचं पाणी हात राखून लावायचं नाही.

जुने सेन्सर बाहेर आले. मागचा बाहेरून धडधाकट, डबीला ओरखडा नाही. बॅटरीच संपली होती. पुढच्याचं आश्चर्य निघालं. वॉल्वच्या आतली पिन पितळेची होती. कधीतरी एका पंक्चरच्या दुकानात हवा सोडून भरताना जुनी हरवली असेल आणि हाताला लागली ती घातली असेल. सेन्सरचा वॉल्व अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्यात निकेलचा मुलामा दिलेली पिनच लागते. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून, वर पावसाचं पाणी, की दोन धातूंमध्ये गंज सुरू होतो. आट्यांमध्ये पांढरा क्षार धरला होता आणि पिन निघता निघेना. आणखी दोन पावसाळे गेले असते तर पिन वॉल्वसकट तुटली असती. धातूच्या टोपणाचंही हेच. चकचकीत टोपणं दिसतात छान, पण चिकटून बसली की वॉल्व पिळवटतो. कंपनीनं दिलेलं प्लॅस्टिकचं टोपण घालावं, आतल्या रबरी चकतीसकट.

काकांनी विचारलं, "जेल टाकू का दोन्हीत? लांब जाणार ना तुम्ही?" नको म्हटलं. पंक्चर आपोआप बुजवणारं जेल टायरच्या आतल्या बाजूनं पसरतं, आणि सेन्सरचं दाब घेणारं भोक सुईच्या टोकाएवढं असतं. ते बुजलं की सेन्सर आकडा दाखवत राहतो, पण तो आकडा खरा नसतो. आकडा न दाखवणाऱ्यापेक्षा हे वाईट. मी पंक्चरचा संच आणि छोटा पंप बरोबर ठेवतो, ते पुरे.

नवे सेन्सर नव्या सीलसह बसवले आणि गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात दिलेल्या मापानं छोट्या टॉर्क रेंचनं आवळले. इथे अंदाज चालत नाही. जास्त आवळला तर अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या जातात, कमी आवळला तर सील दाबलं जात नाही. जुन्या आणि नव्या सेन्सरच्या वजनात एक-दोन ग्रॅमचा फरक होता. नवा टायर आला की बॅलन्सिंग करायचंच असतं, त्यामुळे वेगळं काही करावं लागलं नाही. टायरवरचा रंगीत ठिपका वॉल्वपाशी ठेवला आणि उरलेला तोल पाच-पाच ग्रॅमच्या चिकटपट्ट्यांनी साधला. पुढच्याला अगदी थोडं वजन लागलं, मागच्याला जास्त. टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे पाहून घेतले, दोन्ही याच वर्षीचे. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

संध्याकाळी चाकं चढवली. मागचे पाच बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं, ६० न्यूटन-मीटर. कॅलिपर बसल्यावर ब्रेकची मूठ घट्ट लागेपर्यंत दाबत राहिलो. हे विसरून गाडी बाहेर काढणारे भेटलेत, पहिल्या वळणावर ब्रेक लागत नाही.

रिमच्या आतल्या कडेला, वॉल्वच्या बाजूला, एक चिठ्ठी चिकटवली: "आत सेन्सर आहे. इथे पट्टी घालू नये. जेल भरू नये." मराठीत आणि हिंदीत. रस्त्यावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याला मी शेजारी नसताना ती वाचता यावी.

२४ नोव्हेंबर, सोमवार

गाडीला नवे क्रमांक शिकवले. मित्राचं डायग्नोस्टिक यंत्र जोडलं, हवेच्या यंत्रणेच्या पानावर जाऊन जुने क्रमांक आधी लिहून घेतले, मग नवे घातले. एक आकडा चुकला तरी गाडी कायम रेघा दाखवत राहणार, म्हणून मित्रानं मोठ्यानं वाचले आणि मी फोटोवरून ताडले.

क्रमांक घातल्यावरही पडद्यावर रेघाच. घाबरायचं कारण नाही, अजून तीसचा वेग झाला नव्हता. आता कर्वे रोडवर संध्याकाळी सहाला तीसचा वेग कुठे मिळायचा? कोथरूड डेपोवरून चांदणी चौकात गेलो, बायपासला लागलो. लगेच पुढचा आकडा आला आणि मागोमाग मागचा.

मागच्या चाकाचा आकडा दिसला आणि फार बरं वाटलं.

मग पुढचा-मागचा उलट तर झाला नाही ना, हे तपासलं. घरी येऊन पुढच्या चाकातली हवा मुद्दाम तीन पॉइंट कमी केली आणि एक फेरी मारली. पडद्यावर पुढचाच आकडा उतरला. ही चाचणी पाच मिनिटांची आहे, सगळ्यांनी करावी. क्रमांक उलटे पडले तर पंक्चर मागे आणि आपण पुढचं चाक तपासत बसणार.

३० नोव्हेंबर, रविवार

सोसायटीतल्या काकांनी कागदावर मांडलेली गोष्ट आज मोजून पाहिली. ग्रुपवर हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो: गेज एक सांगतो, पडदा दुसरंच, खरं कोणाचं?

माझ्या गाडीचा पडदा हवेचा खरा दाब दाखवत नाही. टायरमधली हवा २० अंश सेल्सिअसला असती तर दाब किती असता, ते दाखवतो. सेन्सर दाब आणि तापमान दोन्ही पाठवतो, गाडी हिशेब करून आकडा मांडते. गेज मात्र त्या क्षणी जे आहे ते दाखवतो. दोन्ही खरे, फक्त दोघांचे प्रश्न वेगळे.

सकाळी पार्किंगमध्ये १४ अंश होते. गेजवर, त्याची अर्ध्या पॉइंटची दुरुस्ती धरून, पुढे ३५, मागे ४१. बाहेर पडल्यावर पडदा: ३६ आणि ४२. हिशेब असा. गेजचा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाच्या वरचा असतो. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर असल्यानं इथे तो दाब १४ च्या किंचित खाली, ढोबळमानानं १३.७ पॉइंट. मागच्या टायरमधला एकूण दाब झाला ५५ च्या जवळ. बंद जागेतल्या हवेचा एकूण दाब केल्व्हिनमधल्या तापमानाच्या प्रमाणात बदलतो, अकरावीत शिकलेला गे-लुसॅकचा नियम. २८७ चं २९३ केल्व्हिन केलं की ५५ चं ५६ होतं. बरोबर एक पॉइंट.

मग कात्रजचा घाट चढून, खेड शिवापूरपर्यंत जाऊन थांबलो आणि लगेच गेज लावला. मागे ४७ च्या वर, पुढे ४० च्या आसपास. पडद्यावर मात्र ४२ आणि ३६, हलले नाहीत. इथेच लोक फसतात. गरम टायरवर पंपाचा मीटर ४७ दाखवतो, "हवा जास्त झाली" म्हणून पाच पॉइंट सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायर ३६ वर आलेला असतो. गरम टायरची हवा कधीही सोडू नये. नायट्रोजन भरला तरी यात फरक पडत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारख्याच फुगतात.

मला पडद्याची ही रीत आवडते. तापमानाचं चढणं-उतरणं त्यानं आधीच काढून टाकलेलं असतं, त्यामुळे आकडा हलला म्हणजे हवाच हलली. गेजनं हवा भरायची, सेन्सरनं राखण करायची. उंब्रजला कळलं ते यामुळेच. टायर तापत असताना पडद्यावरचा आकडा खाली येत होता.

७ डिसेंबर, रविवार

महाबळेश्वरला जाऊन आलो, बायको मागे, पेट्या भरलेल्या. खंबाटकी, वाई, पसरणीचा घाट. येता-जाता दोन्ही आकडे दिसत राहिले, एकदाही रेघा नाहीत. वर पोचल्यावर तासभर टायर निवू दिले आणि गेज लावला, तर पुण्यात त्याच तापमानाला यायला हवा होता त्यापेक्षा सव्वा पॉइंट जास्त. तेही हिशेबात बसतं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, बाहेरचा दाब तिथे कमी, म्हणून गेजचा आकडा तेवढा वर जातो. उंचीवर राहायला गेल्याशिवाय त्यासाठी काही करायची गरज नाही.

नव्या टायरवर सुरुवातीचे शंभर-दीडशे किलोमीटर वळणं सांभाळून घेतली. पृष्ठभागावरचा गुळगुळीतपणा जायला तेवढं अंतर लागतं. पसरणी चढताना गाडी हलकी वळत होती. त्यात नव्या टायरचा वाटा किती आणि बरोबर हवेचा किती, ते वेगळं काढता येणार नाही.

मागचे पाचही बोल्ट परत आल्यावर टॉर्क रेंच लावून पाहिले, एकही सरकला नव्हता. वॉल्वच्या मुळाशी साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही.

जुने सेन्सर ई-कचऱ्यात द्यायला बाजूला काढलेत, आत लिथियम आहे, घरच्या कचऱ्यात नको. नव्या सेन्सरचे ओळख क्रमांक गाडीच्या कागदपत्रांच्या पाकिटात ठेवले आणि बायकोच्या फोनमध्येही. निकेलच्या दोन पिना आणि दोन सील जास्तीचे मागवलेत, आले की सीटखालच्या पिशवीत जातील. भाच्याच्या मित्राची गाडी २०२० ची आहे आणि तिच्या पुढच्या चाकाचा आकडा येतो-जातो म्हणे. मित्राचं यंत्र आणून तपासायला त्याला पुढच्या रविवारी बोलावलंय.